मेंढ्या नसलेल्या माणसाचा राजीनामा

मी आजवर नऊ राजीनामे लिहिले आहेत, आणि ते सगळे एकाच दुपारी. त्यातला एक माझा स्वतःचा होता. बाकीचे आठ ज्यांचे होते त्यांनी ते न वाचताच खाली सह्या केल्या, कारण आमच्यात पद्धतच तशी होती. रजेचा अर्ज असो, पोराच्या शाळेचा असो, नाहीतर गटार तुंबल्याची तक्रार असो, कागद माझ्यापुढे यायचा. मी लिहायचो, समोरचा सही करायचा आणि वर चहा पाजायचा. अक्षर चांगलं असलेल्या माणसाला आमच्याकडे देवळातल्या घंटेसारखं वागवतात. येणारा-जाणारा हात लावून जातो.

मी मूळचा साताऱ्याकडचा, मेढा गावाजवळच्या डोंगरातला, पण निम्मं आयुष्य सांगलीत गेलं. द्राक्षबागांसाठी फवारणीचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी आणि माझा जोडीदार पाण्याच्या टाकीच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे असायचो. जोडून आलेला पंप पाण्यात बुडवायचा, हवा भरायची आणि बुडबुडे येतात का ते बघायचं. बुडबुडा आला की पंप परत जायचा. एवढंच काम. तोंडाला काहीच काम नसल्यामुळे मी बोलायचो आणि जोडीदार ऐकायचा. तो आटपाडीकडच्या कोरड्या मुलखातला, कमी बोलणारा. दिवसभरात मी एक हजार शब्द बोललो की तो एक बोलायचा, आणि तो एक नेमका माझ्या हजारांवर पाणी ओतणारा असायचा. कंपनीत मला सगळे 'वक्ते' म्हणत. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की माईक माझ्या हातात येई, आणि तो परत घ्यायला दोन माणसं लागत.

एके दिवशी साहेबांनी आम्हा नऊ जणांना कँटीनमध्ये बोलावलं. चहाबरोबर क्रीमची बिस्किटं होती. ती बघूनच मी सावध झालो. कंपनी उगाच क्रीमची बिस्किटं देत नाही.

साहेब म्हणजे कामगारांची भरती, पगार, रजा बघणारे, भला माणूस. बशीकडे बघत त्यांनी सांगितलं, "जोडणीचं खातं बंद होतंय. पंप आता बाहेरून तयार येणार. दोन मार्ग आहेत. एक तर कंपनी तुम्हाला कमी केल्याचं पत्र देईल. नाहीतर तुम्ही आपणहून राजीनामा द्या. मिळायचं ते दोन्हीकडे सारखंच."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. शेवटी जोडीदार बोलला. त्याचा त्या दिवसाचा कोटा त्यानं एकदमच वापरला.

"काढलं म्हणलं की मानूस चोर वाटतुया. सोडलं म्हणलं की मालक वाटतुया. आमी सोडतो."

यावर सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मग माझ्याकडे बघितलं. मी खिशातून पेन काढलं. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. नोकरी गेल्याचं दुःख होतंच, पण नऊ कोरे कागद आणि नऊ आयुष्यं समोर ठेवून कुणी मला 'लिही' म्हटलं नव्हतं कधी.

साधं 'वैयक्तिक कारणास्तव' लिहिलं असतं तर भागलं असतं. पण एकाच कारणाचे नऊ राजीनामे लिहिणं मला कलेचा अपमान वाटला. मी प्रत्येकाला वेगळं कारण दिलं. एकाला आईच्या गुडघ्यांची सेवा करायला पाठवलं. तासगावच्या एका गड्याच्या घरामागे चार वेली होत्या. त्याला मी द्राक्ष बागायतदार केलं. स्वतःसाठी 'जन्मभूमीचे डोंगर साद घालीत आहेत' असं लिहिलं. प्रत्यक्षात डोंगरांनी मला कधी काही म्हटल्याचं आठवत नाही.

जोडीदाराच्या पत्राला मात्र मी जीव लावला. त्याचे पूर्वज मेंढरं घेऊन मुलूख पालथा घालायचे. आजोबांनी कळप विकला, वडिलांनी शेती केली, आणि ह्यानं पंपातले बुडबुडे मोजले. मी लिहिलं, 'माझ्या वाडवडिलांचा मेंढ्यांचा कळप माळावर माझी वाट पाहत आहे. त्या मुक्या जिवांची हाक आता मला ऐकू येत असून, यापुढील आयुष्य त्यांच्या पाठीमागे चालण्यात घालवावे असे ठरविले आहे.'

निरोपाच्या कार्यक्रमात मी हे सगळे राजीनामे मोठ्यानं वाचून दाखवले. मेंढ्यांच्या पत्राला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. शाल-नारळ घेऊन आम्ही जागेवर बसलो, तेव्हा जोडीदारानं हळूच विचारलं, "कुठली मेंढरं रं?"

"अलंकार आहे तो."

"बरं. आसू दे मग."

जोडीदाराची मुलगी सांगलीतच नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. दोन मैत्रिणींबरोबर इस्पितळाजवळ खोली घेऊन राहायची. सकाळी इस्पितळात ड्युटी, दुपारी वर्ग. परीक्षेला तीन महिने उरले होते. तिला त्यानं सांगितलं होतं, 'कंटाळा आला, सोडली नोकरी.' पण दिवस जायला लागले तसं तिच्या खोलीचं भाडं त्याच्या हिशेबात बसेना. पुण्यात पाहुण्यांच्या ओळखीनं सोसायटीत वॉचमनची नोकरी होती, पण ती तीन महिन्यांनी रिकामी होणार होती. तोवर काय? खोली सोडून मुलीला गावाकडे नेलं तर इस्पितळाची ड्युटी बुडणार आणि ड्युटी बुडाली की परीक्षाही. एका वर्षाची परीक्षा पुढच्या वर्षी देणं वेगळं, आणि पुढच्या वर्षी घरातल्यांनी तिला पुन्हा पाठवणं वेगळं. "एकदा पोरगी माघारी गेली की तिचं लगीन लावत्यात," जोडीदार म्हणाला. "मग कसली नर्स आन् कसलं काय."

अशात चहाच्या गाड्यावर एकानं आम्हाला सांगितलं, की कामगार विम्याला पगारातून पैसे कापले जात होते ना, मग नोकरी गेलेल्यांसाठी सरकारची योजना आहे. तीन महिने निम्मा पगार मिळतो.

जोडीदारानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "तीन म्हैनं?"

"तीन महिने."

"मला तेवढंच पायजे गड्या. त्येच्या वर एक दिवस बी नगं."

दुसऱ्याच दिवशी त्याच्या फटफटीवर बसून आम्ही विम्याच्या कचेरीत गेलो. खिडकीपलीकडे माझ्याच वयाच्या एक बाई होत्या. चेहरा शांत, बोलणं मोजकं. रोज शंभर माणसांना तेच तेच सांगून आवाजातले चढउतार झिजून गेले असावेत.

"नोकरी गेली की सोडली?" त्यांनी विचारलं.

"सोडली," जोडीदार ताठ होऊन म्हणाला.

"मग नाही मिळत."

"न्हाई म्हंजे, गेली."

"गेली की सोडली?"

जोडीदारानं माझ्याकडे बघितलं. मी खाकरून पुढे झालो. "बाई, तसं पाहिलं तर गेली. पण आम्ही ती जाऊ दिली. मानानं."

बाईंनी एक छापील कागद खिडकीतून सरकवला. मी तो मोठ्यानं वाचला आणि वाचता वाचता माझं डोकं गरगरायला लागलं. स्वतः नोकरी सोडली असेल तर पात्र नाही. वयानं निवृत्त झाला असाल तर पात्र नाही. गैरवर्तनासाठी काढलं असेल तर पात्र नाही. दुसरं काम मिळालं असेल तर पात्र नाही. विमा अमुक वर्षं भरलेला हवा, मागचे अमुक महिने भरलेला हवा.

"थांबा," मी म्हटलं, "म्हणजे माणूस कामावरून काढलेला पाहिजे, पण वाईट म्हणून काढलेला नको."

"बरोबर."

"चांगला असून काढलेला चालेल?"

"चालेल."

"पण चांगला होता तर काढला कशाला?"

"ते आमच्याकडे नाही. कंपनीला विचारा."

मागच्या रांगेतला एक जण हसला. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर काहीतरी बघितलं आणि म्हणाल्या, "तुमच्या दोघांच्या नोंदीपुढे कंपनीनं 'राजीनामा' भरलंय. ते बदलून आणा. कंपनीकडून दाखला आणा, कमी केल्याचा."

"बाई, आमी सोडली न्हाई ओ," जोडीदार खिडकीला चिकटून म्हणाला, "आमास्नी सोडाय लावली."

"मग राजीनामा लिहून कुणी दिला?"

जोडीदारानं माझं नाव घेतलं नाही. नुसतं माझ्या खिशातल्या पेनाकडे बघितलं.

घरी हे सगळं सांगितलं, तेव्हा बायको ब्लाउजला हुक लावत बसली होती. ती तासगावची. तिच्या माहेरी बोलताना कुणी अडत नाही.

"आवं, लोकांच्या लग्नाच्या पत्रिका लिवता तवर ठीक हाय. पर लोकांच्या पोटाची पत्रं कशाला लिवायची?"

"त्यांनीच सांगितलं लिहायला."

"त्यांनी राजीनामा सांगितला हुता. मेंढरं कुणी सांगितली हुती?"

सुई तोंडात धरून ती पुढे म्हणाली, "एका दुपारी नऊ घरं बसीवली तुमी. आता त्या पोरीचं तेवढं निस्तरा."

आम्ही साहेबांकडे गेलो. साहेबांनी फाइल काढली आणि मेंढ्यांचं पत्र जपून बाहेर काढलं. त्यांनी ते पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलं होतं.

"हे तुमच्याच सहीचं ना?" त्यांनी जोडीदाराला विचारलं.

"व्हय."

"ह्यात लिहिलंय, कळप वाट बघतोय."

"कळप न्हाई साहेब. एक बी मेंढरू न्हाई."

"मग तुम्ही कंपनीला खोटं लिहून दिलंत?"

आता काय बोलावं? मेंढ्या आहेत म्हणावं, तर ह्याला धंदा आहे, मग मदत कशाला? मेंढ्या नाहीत म्हणावं, तर पत्र खोटं, आणि खोटं पत्र देणारा माणूस गैरवर्तनवाल्या ओळीत जाऊन बसायचा. मी तिथं उभा राहून दोन्ही बाजूंनी विचार केला आणि दोन्हीकडे मला माझंच सुंदर अक्षर दिसलं.

"साहेब, ते वाङ्मय होतं," मी म्हटलं.

"मला फार आवडलं होतं," साहेब खरोखर वाईट वाटून म्हणाले. "घरी मिसेसनाही वाचून दाखवलं. पण आता मी 'कमी केलं' असं कसं लिहू? तुम्ही स्वतः लिहून दिलंय, टाळ्या घेऊन दिलंय. वरचे विचारतील मला. विमावाल्यांनी लेखी विचारलं तर लेखी उत्तर देईन. आणि हो, मेंढ्या नाहीत हे तरी सिद्ध करा."

विम्याच्या बाई म्हणाल्या, आधी कंपनीचा दाखला आणा, मग आम्ही विचारू. साहेब म्हणाले, आधी त्यांनी विचारू दे, मग मी दाखला देतो. आम्ही दोघं त्या फटफटीवर कारखाना ते कचेरी आणि कचेरी ते कारखाना इतक्या वेळा फिरलो, की शेवटी कारखान्याच्या दारातला कुत्रा आम्हाला बघून उठेनासा झाला. मला रोज रात्री वाटायचं की आपल्याला सगळं समजलं, आणि सकाळी दाढी करताना वाटायचं की काहीच समजलेलं नाही. आम्ही बेरोजगार होतो ह्याबद्दल कुणालाच शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता, की आम्ही योग्य प्रकारे बेरोजगार झालो होतो का.

शेवटी जोडीदार गावी गेला, मेंढ्या नसल्याचा दाखला आणायला. मीही बरोबर गेलो, अपराधी माणसानं जावं तसा. ग्रामपंचायतीत ग्रामसेवक भाऊसाहेब होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन कानामागे ठेवलं.

"असलेल्याचा दाखला देता येतोय. नसलेल्याचा कसा द्यायचा?"

"न्हाई म्हणून लिवा की."

"तसं म्हणाल तर गावात हत्ती बी न्हाई. त्येचा बी देऊ का?"

पंचायतीच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांना आयतीच करमणूक मिळाली. एक म्हणाला, "आरं, तुज्या आज्यानं मेंढरं इकली तवा मी हुतो की बाजारात. लिवा माजी साक्ष." दुसऱ्यानं विचारलं, "पर मेंढरं न्हाईत ह्ये सांगाय सांगलीसनं आलास व्हय? काय झालं काय?"

आणि तिथं, त्या ओट्यासमोर, जोडीदाराला सांगावं लागलं की काय झालं. ज्या एका शब्दाला भिऊन आम्ही नऊ जणांनी राजीनामे दिले, तो शब्द त्याला आपल्याच गावात, आपल्याच म्हाताऱ्यांसमोर उच्चारावा लागला. "काढलं कामावरनं."

मी खाली मान घातली. मला वाटलं आता हसतील. कुणी हसलं नाही. त्यातला सगळ्यात म्हातारा म्हणाला, "मग आदी सांगायचं न्हाई व्हय? भाऊसायब, लिवा, लिवा."

भाऊसाहेबांनी लिहिलं. तो दाखला अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. 'सदर इसमाकडे मेंढी, शेळी, गाय, म्हैस यांपैकी काहीही नाही. एक कुत्रा आहे.' कुत्र्याचं काय काम होतं म्हणून मी विचारलं, तर ते म्हणाले, "उद्या कुणी म्हणायला नको, दाखल्यात कुत्रं लपवलं."

परतीच्या वाटेवर तासगावच्या पुढे आल्यावर जोडीदारानं गाडी बाजूला घेतली. रस्त्याकडेला बेदाण्याचे शेड होते. जाळ्यांवर द्राक्षं वाळत पडली होती.

"पोरीला कळणार आता," तो म्हणाला. "गावात कळलं म्हंजे सांज व्हायच्या आत तिला फोन जाणार."

"मग आपणच सांगू."

"तू नगं सांगू," तो एकदम म्हणाला. "तू सांगितलंस तर त्यात परत कायतरी चरत येतंय."

मी गप्प बसलो. मला वाटतं, आमच्या इतक्या वर्षांच्या सोबतीत तो दिवस उलटा होता.

दाखला घेऊन आम्ही पुन्हा खिडकीपाशी गेलो. मी नऊही राजीनाम्यांच्या झेरॉक्स मागून नेल्या होत्या. साहेबांनी आमच्यापासून सुटका व्हावी म्हणून एका झटक्यात काढून दिल्या होत्या. बाईंनी दाखला वाचला. कुत्र्यापाशी त्यांचे ओठ जरा हलले. मग त्या झेरॉक्स बघायला लागल्या. एक बघितली, दुसरी बघितली. मग सगळ्या त्यांनी टेबलावर पत्त्यांसारख्या मांडल्या.

"हे सगळं एकाच माणसानं लिहिलंय?"

मला कौतुकाचा वास आला. म्हणजे चुकून आला. "मीच," मी म्हटलं.

"नऊही?"

"एकाच दुपारी. मध्ये फक्त एकदा चहाला उठलो."

"ह्यांच्या आईचे गुडघे, ह्यांची बाग, ह्यांचे डोंगर, ह्यांच्या मेंढ्या. सगळं एकाच दुपारी आठवलं?"

आणि मग ज्या बाई गेले कित्येक दिवस एका सुरात बोलत होत्या, त्या खुर्चीवरून उठल्या. झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आतल्या अधिकाऱ्यांकडे गेल्या. आत बोलण्याचे आवाज आले. एकदा कुणीतरी मोठ्यानं हसलं. जोडीदार घामाघूम होऊन उभा होता. मी त्याला धीर द्यायला तोंड उघडलं, पण त्यानं नुसता हात वर केला.

बाई परत आल्या. "आमचे आतले साहेब म्हणतात, नऊ माणसांना एकाच दिवशी, एकाच अक्षरात घरची ओढ लागत नाही. आम्ही कंपनीला लेखी विचारतो, त्या खात्याचं काय झालं म्हणून. तुम्ही दोघं आत्ता इथं लिहून द्या, खरं काय घडलं ते. स्वतःच्या हातानं." त्यांनी माझ्याकडे बघून पुन्हा म्हटलं, "ज्याचं त्यानं."

सवयीनं मी दोन्ही कागद माझ्याकडे ओढले. जोडीदारानं त्यातला एक माझ्या हाताखालून काढून घेतला, माझ्या खिशातलं पेनही घेतलं आणि बाजूच्या बाकड्यावर जाऊन बसला. तो सातवी शिकलेला. सही सोडून मी त्याला काही लिहिताना पाहिलं नव्हतं. जीभ दातात धरून, एकेक अक्षर जागेवर बसलंय का बघत, तो लिहायला लागला. मी डोकावलो तर त्यानं डाव्या हाताचा आडोसा केला, परीक्षेत करतात तसा.

किती तरी वेळानं त्यानं कागद खिडकीत दिला. बाईंनी तो वाचला आणि मलाही दिसेल असा धरला.

'मी नोकरी सोडली नाही. आमचं खातं बंद झालं म्हणून मला काढलं. मला मेंढ्या नाहीत. पोरीची परीक्षा हाय.'

"पुरे," बाई म्हणाल्या आणि शिक्का मारला.

मग माझी पाळी आली. बाकड्यावर बसलो आणि कागदाकडे बघत राहिलो. एवढं सोपं वाक्य. मी पहिला कागद लिहिला. बाईंनी वाचून परत केला. "'काळाच्या ओघात' नको." दुसरा लिहिला. "'विधिलिखित' पण नको." तिसऱ्या कागदावर मी एकदाचं लिहिलं, 'मला कामावरून काढलं.' लिहून झाल्यावर मी ते वाचलं, आणि गंमत सांगतो, तोपर्यंत मला ते झालंय असं खरं वाटलंच नव्हतं. मी राजीनाम्यात राहत होतो. शाल-नारळ, टाळ्या, डोंगर. त्या एका ओळीत मात्र माझ्यासाठी बसायलाही जागा नव्हती.

कागद घेताना बाईंनी सहज विचारलं, "मधल्या काळात दुसरं काही काम केलंत?"

जोडीदार म्हणाला, "न्हाई." मला खरं बोलायची नवीनच चटक लागली होती. मी म्हटलं, "एका लग्नात निवेदन केलं."

"पैसे मिळाले?"

"पाकीट दिलं. शाल पण दिली."

"मग ते काम झालं की नाही?"

"तेच मी तुम्हाला विचारणार होतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या आतल्या अधिकाऱ्यांकडे गेल्या आणि ह्या वेळी कुणीही हसलं नाही.

कंपनीनं लेखी उत्तर दिलं. साहेब शब्दाला जागले. लेखी विचारलं तसं त्यांनी लेखी सांगितलं, की खातं बंद झालं आणि माणसं कमी करावी लागली. नऊही नोंदी बदलल्या. काही आठवड्यांनी जोडीदाराच्या मोबाइलवर इंग्रजीत एक निरोप आला. त्याला तो कळला नाही आणि मलाही धड कळला नाही. आम्ही तो मुलीकडे घेऊन गेलो. ती इस्पितळातून नुकतीच येऊन पायरीवर बसली होती, पांढऱ्या कपड्यांत, बूट काढत. तिनं वाचला.

"मंजूर झालंय आप्पा."

"म्हंजे खोली ठिवायची?"

"ठेवायची." मग ती बुटाची नाडी सोडवत खाली बघूनच म्हणाली, "मला गावातनं फोन आला होता. तुमी आदीच का न्हाई सांगितलं?"

जोडीदारानं माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्येनं लिवलं हुतं म्हणून मला बी खरं वाटाय लागलं हुतं."

ती हसली आणि उठून आम्हाला पाणी आणायला आत गेली. पुढे परीक्षेलाही ती पांढऱ्या कपड्यांतच गेली. इस्पितळाच्या फाटकाशी जोडीदार उन्हात उभा होता, मी शेजारी. तीन तासांत तो एक शब्द बोलला नाही आणि मीही नाही, आणि मला तसं उभं राहणं जमलं ह्याचं मलाच आश्चर्य वाटलं. ती पास झाली.

माझं काय झालं म्हणाल, तर मला सांगता येणार नाही. माझा अर्ज अजून 'तपासणीत' आहे. एका खिडकीवर सांगतात, पाकीट म्हणजे मानधन, मानधन म्हणजे काम. दुसऱ्या खिडकीवर सांगतात, एक दिवसाचं काम हे काम नाही. तिसऱ्या खिडकीवरचा म्हणाला, शाल कुठल्या रकान्यात भरायची हे आधी ठरवावं लागेल. बायको म्हणते, "आवं, तुमी बेरोजगार हाय का न्हाई तेवढं सांगा, म्हंजे मी डबा करायचा का न्हाई ते बघती." मी दर महिन्याला जाऊन विचारतो. बाई आता मला बसायला खुर्ची देतात.

निकाल लागला त्याच आठवड्यात जोडीदार पुण्याला गेला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. सोसायटीच्या मॅनेजरनं एक छापील अर्ज दिला होता आणि त्यात एक रकाना होता, आधीची नोकरी का सोडली.

मी ताबडतोब सरसावलो. "थांब, मी सांगतो तसं लिही."

"आरं, मी तुला इचारत न्हाई, सांगतुया. लिवलंय मी."

"काय लिहिलंस?"

"काढलं म्हणून लिवलंय."

"मग? मॅनेजर काय म्हणाला?"

"त्येनं वाचलं, आन् म्हणला हितं सगळीच तसली हायत. उद्या सकाळपास्नं गेटवर बस म्हणला."